बक्षिसाची चादर कुणाच्या नावानं?

सोलापूर परिसरात सामुदायिक रेडिओ काढू पाहणाऱ्या एका संस्थेचं कार्यक्रमपत्रक सध्या आकार घेतंय. परवाना यायचा आहे, पण आठवड्याचा तक्ता भिंतीवर लागलाय, आणि शुक्रवार संध्याकाळच्या चौकटीवर गाडं अडलंय. चौकटीत लिहिलंय, ‘आवाज ओळखा’. रेडिओवर एक आवाज ऐकवायचा, तो कशाचा ते श्रोत्यानं फोन करून सांगायचं, आणि उत्तर बरोबर आलं तर बक्षीस द्यायचं. खेळ रचणाऱ्या ताई तिशीतल्या, कार्यक्रमांची सगळी भिस्त त्यांच्यावर. कागदपत्रं सांभाळणारे वकीलकाका सत्तरी ओलांडलेले, जिल्हा न्यायालयात उभा जन्म गेलेला. नावं घालू नका, वाद खुशाल छापा, असं दोघांचंही म्हणणं पडलं. मी मधल्या खुर्चीत होतो. वाद काही एका बैठकीत संपला नाही. इथं तो सलग मांडलाय.

ताई : काका, नाही म्हणण्याआधी ऐका तरी. (लॅपटॉपवर आवाज लावतात. खट्, सर्र, खट्.) सांगा कशाचा?

काका : माग आहे. हातमाग. धोटा चाललाय.

ताई : बघा! तुम्ही क्षणात सांगितलं. काल हाच आवाज कॉलेजच्या पोरांना ऐकवला, तर एक म्हणाला शटर, दुसरा म्हणाला प्रिंटर. ज्यांच्या आज्यांनी जन्मभर माग ऐकला ती पोरं ही. दुसरा आवाज तेंदूपान कातरणाऱ्या कात्रीचा, तो तर कुंभारीतल्या घरकुलातल्या बाया झोपेतसुद्धा ओळखतील. तिसरा कडक भाकरी मोडल्याचा. असे पन्नासेक आवाज जमवलेत मी. त्यातून मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारं सगळं सोलापूर एकाच खेळात बसतं. आवाजाला भाषा लागत नाही.

काका : खेळाला माझी कुठं हरकत आहे? तुझ्या कागदावर खाली काय लिहिलंय ते वाच. ‘बक्षीस : सोलापुरी चादर.’ चादर आली की कायदा आला.

ताई : नऊशे रुपयांच्या चादरीला कायदा?

काका : नऊ रुपयांच्या रुमालालाही. रक्कम किती हे कायदा नंतर बघतो, खेळाची जात कुठली हे आधी. भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ वाच. जुन्या दंडसंहितेत ते २९४-अ होतं. राज्याची किंवा राज्यानं परवानगी दिलेली लॉटरी सोडून दुसऱ्या लॉटरीचं दुकान मांडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि तसल्या सोडतीवर बक्षीस देऊ असं नुसतं जाहीर केलं तरी पाच हजारांपर्यंत दंड. आधी हा दंड हजाराचा होता, २०२४ च्या जुलैपासून पाच हजार झाला. रेडिओवाल्यांनी हे दुसरं वाक्य पाठ करावं. दुकान मांडणारा वेगळा, जाहीर करणारा वेगळा. आपण जाहीर करणारे.

ताई : आमची लॉटरी कुठाय? तिकीट नाही, पैसे नाहीत. आणि सोडतींचं एवढं वावडं असेल, तर महाराष्ट्र सरकार १९६९ पासून स्वतःची लॉटरी विकतंय ते?

काका : सरकारला परवानगी आहे, तुला नाही. त्यात न्याय शोधू नकोस. पण पैसे नाहीत हे मात्र बरोबर बोललीस.

इथं काकांचा सूर थोडा उतरला. लॉटरी ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : बक्षीस, नशीब आणि भाग घेण्यासाठी दिलेला मोबदला. सर्वोच्च न्यायालयानं एच. अनराज खटल्यात १९८५ साली हेच तीन घटक मोजले. अमेरिकेत रेडिओचे परवाने देणारं खातंही हीच तीन बोटं मोजतं. एक काढून घेतलं की लॉटरी उरत नाही. पैसे न घेता चिठ्ठी काढून चादर दिली तर ती भेट. पैसे घेऊन, पण निव्वळ ज्ञानावर चादर दिली तर ती परीक्षा. ताईंच्या खेळात मोबदला नाही आणि नशीबही फारसं नाही, म्हणजे तिघांपैकी दोन आधीच गळाले. पण काका वकील. ‘फारसं’ या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं.

काका : फारसं म्हणजे किती? शंभर जणांचं उत्तर बरोबर आलं आणि चादर एकच असली, तर काय करशील?

ताई : पहिला फोन लागेल त्याला देऊ.

काका : पहिला फोन कुणाचा लागतो? मोबाइल टॉवरच्या सावलीत राहणाऱ्याचा. ते नशीबच.

ताई : मग चिठ्ठ्या टाकू.

काका : तेही नशीब. पण मोबदला नाही, म्हणून चालेल. फक्त मोबदला मागच्या दारानं आत येतो, तो येऊ देऊ नकोस. ‘उत्तर अमुक नंबरवर एसएमएस करा’ म्हणशील आणि तो एसएमएस महागडा असेल, तर झालं. ‘कौन बनेगा करोडपती’चा किस्सा आठवतो का? २००७ मध्ये घरबसल्या प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ नावाची स्पर्धा होती. सोपा प्रश्न, चार पर्याय, एसएमएसचा दर दोन रुपये चाळीस पैसे, दर भागाला एका विजेत्याला दोन लाख. ग्राहकांच्या एका संस्थेनं तक्रार केली की बक्षिसाचे पैसे हे आमच्याच एसएमएसमधून काढतात, आणि वर फुकट दिल्याचा आव आणतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली वाहिनी आणि मोबाइल कंपनी मिळून एक कोटीचा दंडात्मक भुर्दंड बसवला.

ताई : आणि सर्वोच्च न्यायालयानं तो २०१९ मध्ये काढून टाकला. तेवढं मलाही माहीत आहे, काका.

काका : काढला, कारण बक्षिसाचा पैसा एसएमएसमधूनच आला याला पुरावा नव्हता. एसएमएसचे पैसे घेऊन बक्षीस वाटलं तरी चालतं, असं न्यायालय कुठंही म्हणालेलं नाही. आणि मधली अकरा वर्षं वकिलांची फी कोण भरत होतं? ती स्टार होती, एअरटेल होती. आपल्या संस्थेची शिल्लक तुला ठाऊक आहे.

ताई : म्हणून तर मी मिस्ड कॉल म्हणतेय. श्रोत्यानं मिस्ड कॉल द्यायचा, आम्ही उलट फोन लावायचा. खर्च आमचा. मोबदला दारातच अडला.

मला हा तोडगा पसंत पडला. काकांनाही पडला असावा, कारण त्यांनी लगेच विषय बदलला आणि ते थेट १९५७ सालात गेले. मराठी वाचकाला हे प्रकरण माहीत असायला हवं, आणि काकांनी ते रंगवूनही सांगितलं.

काका : पन्नाशीच्या दशकात शब्दकोड्यांचा सुळसुळाट होता. बेंगळुरूहून ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचं एक पत्र निघायचं, त्यात चमारबागवाला यांची ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्‌स’. अंक छापायचा बेंगळुरूला आणि खपायचा आपल्या मुंबई राज्यात. सोलापूर तेव्हा मुंबई राज्यातच. आता ही कोडी कशी असत? समज, सूचना अशी आहे : ‘गरिबाला हे नसलं की जगणं कठीण.’ पर्याय दोन, घर आणि कर. दोन्ही चालतात. खरं उत्तर कुठलं? संपादकानं पाकिटात मोहोरबंद करून ठेवलेलं. तुझी अक्कल कितीही चालो, पाकिटातल्या चिठ्ठीशी जुळलं तरच बक्षीस.

ताई : हा तर जुगारच.

काका : न्यायालयही तेच म्हणालं. मुंबई सरकारनं १९४८ च्या कायद्यात १९५२ मध्ये दुरुस्ती करून बाहेरून येणारी पत्रंही कराच्या कक्षेत ओढली. चमारबागवाला भांडले, की हा आमचा व्यापार आहे आणि व्यापाराचं स्वातंत्र्य घटनेनं दिलंय. एप्रिल १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी निकालात ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापासून महाभारतापर्यंत दाखले दिले. त्याच सुमाराच्या दुसऱ्या निकालात, केंद्राच्या १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याविषयी, न्यायालयानं रेघ आखून दिली. यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असेल तर ती स्पर्धा या कायद्यात येत नाही. नशिबावर असेल तर येते. आणि आली, की महिन्याची सगळी बक्षिसं मिळून हजार रुपयांच्या आत, प्रवेशिका दोन हजारांच्या आत, शिवाय परवाना.

ताई : महिन्याला हजार?

काका : १९५५ चे हजार. महागाईप्रमाणे वाढवलेले नाहीत. तुझी एक चादर गेली की महिना संपला.

ताई : पण माझा खेळ त्यात येतच नाही. तो कायदा अक्षरं, शब्द, आकडे यांच्या जुळणीच्या कोड्यांवर आहे. माझ्याकडे आवाज आहेत. आणि धोट्याचा आवाज धोट्याचाच असतो, पाकिटात काहीही ठेवा.

काका : बरोबर. पण तुझ्याच तक्त्यात मंगळवारी ‘गाळलेला शब्द भरा’ आहे, तिथं हेच प्रकरण उभं राहील. गाळलेल्या जागी दोन शब्द बसत असतील तर दोन्ही बरोबर धर, नाहीतर ते वाक्यच टाकून दे.

ताईंनी मंगळवारच्या चौकटीवर पेन्सिलीनं फुली मारली. पुढं त्यांनी ती खोडून दुसरं वाक्य लिहिलं. फुली का मारली ते मात्र त्या विसरणार नाहीत.

मला इथं एक भर घालावीशी वाटते. आकड्यांचा खेळ सोलापूरसारख्या गिरणगावात रेडिओवरून घेऊ नये, आणि याला कलम लागत नाही. १९६० च्या दशकात मुंबईत मटका फोफावला, तो सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावातल्या आकड्यांवर. ते आकडे काही जुगारासाठी जाहीर होत नव्हते. भाव म्हणून जाहीर होत, आणि गल्लीत लोक त्यावर पैसे लावत. उद्या रेडिओनं दर संध्याकाळी ‘आजचा भाग्यवान आकडा’ फुकट, निरागसपणे काढला, तरी टपरीवर त्याचा धंदा उभा राहायला आठवडा लागणार नाही. केंद्र निर्दोष सुटेल, पण पोलीस पहिली चौकशी केंद्राकडेच करतील. हे काकांनाही पटलं आणि ताईंनाही. साऱ्या बैठकांत दोघांचं एकमत झालेला हा एकमेव मुद्दा.

आणखी दोन गोष्टी झटपट उरकल्या. कर : दहा हजारांच्या वरच्या बक्षिसावर तीस टक्के कापून भरावे लागतात, आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर ती हातात देण्याआधी कराची सोय पाहावी लागते. चादरीचा इथं प्रश्न येत नाही, स्कूटर दिली तर येईल. मोबाइल ॲप : संस्थेच्या एका तरुण सदस्याला प्रवेशफी घेऊन ऑनलाइन प्रश्नमंजुषा काढायची होती. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, आणि तिथं कौशल्य की नशीब हा जुना वाद चालतच नाही. तो सदस्य पुढच्या बैठकीला आला नाही.

खरा पेच सुरू झाला तो चादर कुठून येणार यावर.

ताई : नव्या पेठेतले एक व्यापारी तयार आहेत. महिन्याला चार चादरी फुकट. फक्त नाव घ्यायचं.

काका : किती वेळा?

ताई : खेळाच्या आधी, मधे, नंतर. आणि… त्यांचं म्हणणं आहे, दुकानाच्या बिलाचा नंबर सांगेल त्याला दुसरा प्रयत्न द्यायचा.

काका : बस. इथं तुझा खेळ मेला. बिलाचा नंबर म्हणजे मोबदला आला. पण बिल राहू दे. नुसतं नाव घेतलंस तरी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उघडावा लागतो. एखाद्या मालाचा किंवा धंद्याचा खप वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ, हे सगळं अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत बसतं. ऐकलंस ना? कौशल्याचाही. तू इतका वेळ ‘माझा खेळ कौशल्याचा’ म्हणून जी ढाल धरून बसलीस, ती दुकानदार आत आला की गळून पडते.

ताई : म्हणजे खेळ तोच, श्रोता तोच, चादरही तीच. मी विकत आणून दिली तर पुण्य आणि व्यापाऱ्यानं दिली तर पाप?

काका : पाप नाही. धंदा. आणि धंद्याला वेगळे नियम.

ताई : काका, तुम्ही कायदा सांगताय, मी केंद्राचं पोट सांगते. दिवसाला आठ तास चालवायचं म्हटलं तर वीज, दोन मुलींचं मानधन, बिघडलेला मिक्सर. सरकारी जाहिराती येतात तेव्हा येतात, बिलं त्याहून उशिरा निघतात. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालतेय, ती मागे मोठी संस्था उभी आहे म्हणून. आमच्यामागं कोण? व्यापाऱ्याच्या चार चादरींनी मला श्रोते मिळतात, श्रोत्यांमुळं जाहिरात मिळते. तुमच्या निर्मळ हवेवर ट्रान्समीटर चालत नाही.

काका : मग जाहिरात घे! कोण नको म्हणतंय? २००६ च्या धोरणात तासाला पाच मिनिटं मिळत, पुढे सात झाली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत बारा. सरकारी जाहिरातीचा दरही दहा सेकंदांना बावन्न रुपयांवरून चौऱ्याहत्तर झालाय. स्थानिक दुकानं, स्थानिक सेवा, नोकरीच्या जाहिराती, सगळं चालतं. त्या व्यापाऱ्याची जाहिरात जाहिरातीच्या जागी वाजव, पैसे घे, पावती दे. पण प्रायोजित कार्यक्रम नको. ते सरकारचे, किंवा लोकहिताची माहिती देणाऱ्यांचेच चालतात. ‘अमुक चादरवाले प्रस्तुत आवाज ओळखा’ हे लोकहितात कसं बसवशील? अट मोडली तर पहिल्या वेळी महिन्यापर्यंत प्रक्षेपण बंद, दुसऱ्या वेळी तीन महिन्यांपर्यंत, त्यानंतर परवानाच रद्द.

ताई : आकाशवाणी नाही करत का प्रायोजित कार्यक्रम? खासगी एफएमवर तर दिवसभर तेच.

काका : आकाशवाणीचा कायदा वेगळा. खासगीवाल्यांनी लिलावात कोट्यवधी भरून लहरी घेतल्यात. तुला त्या जवळजवळ फुकट मिळणार. १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिलहरी ही लोकांची मालमत्ता ठरवली, म्हणून तर सामुदायिक रेडिओचं दार उघडलं. लोकांच्या मालकीच्या हवेत एका दुकानाला फुकट बसवायचं नाही, एवढंच कायद्याचं म्हणणं.

माझा कौल इथं काकांच्या बाजूनं पडला, पण त्यांच्या कारणासाठी नव्हे. ताईंचं पोटाचं गाऱ्हाणं खरं आहे; बारा मिनिटं विकायला बारा मिनिटांचं गिऱ्हाईक लागतं, आणि शंभर वॉटच्या ट्रान्समीटरच्या टप्प्यात ते रोज सापडत नाही. तरीही चार चादरी हा फार स्वस्त सौदा आहे. दर खेळाला तीनदा नाव म्हणजे व्यापाऱ्याला महिनाभराची जाहिरात मिळाली, आणि केंद्राच्या पदरात श्रोत्यानं नेलेल्या चार चादरी, म्हणजे काहीच नाही. कायदा बाजूला ठेवून नुसता हिशेब मांडला तरी हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. जाहिरात दरानं विकावी, त्याच पैशातून चादर विकत आणावी, बिल केंद्राच्या नावानं फाडावं. जाहिरातीचं उत्पन्न केंद्राच्या चालू आणि भांडवली खर्चासाठीच वापरायचं असतं. कार्यक्रमाचं छोटं बक्षीस हा चालू खर्च म्हणून दाखवता येईल की नाही, हे तपासनिसाला आधी विचारावं. काकांनी ते काम अंगावर घेतलं.

पुढची बैठक गड्ड्याच्या यात्रेवरून तापली. सिद्धेश्वराच्या यात्रेत केंद्राचा तंबू लावायचा आणि तिथून ‘ठेचा खा, बक्षीस घ्या’ ही स्पर्धा थेट प्रक्षेपित करायची, अशी ताईंच्या सहकाऱ्यांची कल्पना.

काका : कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो म्हणून शहर आहे. जानेवारी २००७ मध्ये तिथल्या एका एफएमनं स्पर्धा घेतली : पाणी पीत राहायचं, लघवीला जायचं नाही, शेवटपर्यंत टिकेल त्याला खेळायचं यंत्र बक्षीस. तीन मुलांची आई, अठ्ठावीस वर्षांची बाई, पोरांसाठी ते यंत्र जिंकायला आली. फोनवरून एका परिचारिकेनं बजावलं होतं की एवढं पाणी जीव घेतं. निवेदकांनी हसण्यावारी नेलं, आणि स्पर्धकांनी सही करून जबाबदारी आपल्यावर घेतलीय म्हणाले. बाई त्याच दिवशी घरी गेली आणि मेली. पुढं ज्यूरीनं कुटुंबाला एक कोटी साठ लाख डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. त्या सहीच्या कागदाचा काही उपयोग झाला नाही.

ताई : ठेच्यानं माणूस मरत नाही, काका.

काका : पाण्यानं तरी मरतो का, असंच त्यांना वाटलं होतं.

ठेचा रद्द झाला. त्याजागी डोळे बांधून शेंगाचटणी कुठल्या गावची ते ओळखायचं ठरलं. मला ही कल्पना फारच आवडली. सोलापूरकराला चटणीवरून भांडायला निमित्त लागतंच.

ताईंनी शेवटी जो मुद्दा काढला त्याला काकांकडेही तयार उत्तर नव्हतं. मला तर तोच सगळ्यात कळीचा वाटतो, आणि तो बक्षिसाविषयी नाही.

ताई : समजा फोनच आला नाही. शुक्रवारी संध्याकाळी वीज गेली, पाऊस पडला, कुणी ऐकत नाहीये. मी निवेदिका, माईक चालू, आणि पाच मिनिटं शांतता. सगळीकडं काय करतात ठाऊक आहे? ऑफिसातली मुलगी शेजारच्या खोलीतून फोन करते. ‘हॅलो, मी अक्कलकोटहून बोलतेय.’ उत्तर देते, बक्षीस जिंकते, चादर कपाटात जाते. कुणाचं काय बिघडलं?

काका : (थोडं थांबून) चादर कपाटात गेली म्हणजे कुणाचं नुकसान झालं नाही. पण…

पण बीबीसीनं नेमकं हेच केलं होतं, हे मी सांगितलं. जाहिराती न घेणारी, लोकांच्या वर्गणीवर चालणारी प्रसारणसंस्था. तिच्या रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या काही कार्यक्रमांत स्पर्धा आधीच ध्वनिमुद्रित करून थेट असल्याचं भासवलं गेलं, कर्मचाऱ्यांना आणि ओळखीच्यांना विजेते म्हणून उभं केलं गेलं, आणि खरे श्रोते जिंकता येणारच नाही अशा स्पर्धेला फोन करत राहिले. जुलै २००८ मध्ये तिथल्या नियामकानं बीबीसीला चार लाख पौंड दंड केला. कुणी पैसे खाल्ले, असा आरोप नव्हता. दंड श्रोत्याला फसवल्याबद्दल होता.

ताई : तिकडं नियामक आहे. इकडं कोण विचारतंय?

काका : ग्राहक कायद्यात स्पर्धेचा निकाल दडवू नये असं आहे. पण खोटा विजेता… कलम शोधावं लागेल.

ताई : शोधू नका. मलाच ते नको आहे. मी फक्त तुम्हाला पकडायला विचारलं.

दोघंही हसले. पण ताईंच्या प्रश्नात दम होता. सामुदायिक रेडिओकडं खपाऊ कलाकार नाहीत, नवी गाणी नाहीत, राजकीय बातम्या करायची मुभा नाही. ‘हे आपलंच माणूस बोलतंय’ एवढ्या विश्वासावर तो ऐकला जातो. तो विश्वास विकून चादर वाचवायची, हा चार चादरींच्या सौद्याहूनही खोटीचा व्यवहार. फोन आला नाही तर निवेदिकेनं सरळ म्हणावं, आज कुणी ओळखलं नाही, पुढच्या शुक्रवारी हाच आवाज पुन्हा.

खऱ्या फोन करणाऱ्यांचाही विचार व्हावा. बिडी वळता वळता फोन करणाऱ्या बाईला आपलं नाव, घर नंबर, नवऱ्याचं नाव हवेत जायला नको असेल. ताईंचा नियम असा : लाइनवर घेण्याआधी ‘तुम्ही आता रेडिओवर बोलणार आहात’ हे सांगायचं, आणि कुठलं नाव घेऊ ते विचारायचं. ‘कुंभारीच्या ताई’ म्हटलं तरी पुरे. काकांनी त्यात भर घातली की फोन नंबरांची वही बक्षीस पोचल्यावर बंद करायची, तिच्यावरून कुणालाही जाहिरातीचे संदेश पाठवायचे नाहीत, आणि अठरा वर्षांखालचं मूल असेल तर पालकाशी बोलल्याशिवाय लाइनवर घ्यायचं नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा याच दिशेनं जातो.

शेवटी नियमांचा कागद तयार झाला, एक पानी. मिस्ड कॉलवर भाग, पैसे नाहीत, खरेदीची अट नाही. संस्थेचे कर्मचारी आणि त्यांचे घरचे अपात्र. एकाहून जास्त बरोबर उत्तरं आली तर चिठ्ठी, तीही हवेत काढायची. निकाल त्याच कार्यक्रमात, चादर केंद्रानं विकत घेतलेली. काकांनी प्रत्येक ओळीला ‘परंतु’ लावायचा प्रयत्न केला, ताईंनी प्रत्येक ‘परंतु’ खोडला. हा कागद दर शुक्रवारी खेळाआधी मराठीत आणि तेलुगूत वाचला जाईल. कन्नडमध्ये वाचणारं माणूस अजून मिळालेलं नाही. ओळखीत कुणी असेल तर संस्थेला कळवावं.

तुमच्या भागात असा खेळ सुरू असेल आणि निकालात काही काळंबेरं वाटलं, तर केंद्राकडे तक्रार करताना उशीर करू नका. परवान्याच्या अटीनुसार सामुदायिक रेडिओला प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीनच महिने जपून ठेवावं लागतं.